भूमिपूजनाआधीची परवानगी



आपल्या केंद्रातले बरेच दादा आता खाणीच्या नोकरीतून निवृत्त होत आहेत. मलाजखंडचा तांब्याचा प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून गोंदिया, भंडारा, नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली, टाउनशिपमध्ये राहिली, मुलं इथेच शिकली. पण क्वार्टर कंपनीचं असतं, निवृत्तीनंतर ते सोडावं लागतं. काही जण आपल्या मूळ गावी परत जातात. काहींना इथलीच हवा, इथलाच सत्संग सोडवत नाही, मग ते आसपासच्या एखाद्या गावाच्या कडेला जागा घेतात. धानाची बांधी असते, नाहीतर माळाचा तुकडा असतो. मग ग्रुपवर विचारणा सुरू होते, भूमिपूजनाचा मुहूर्त कोणता, दार कोणत्या दिशेला, बोअर कुठे मारायची.

या सगळ्याची उत्तरं देणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी आज एक वेगळाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. पूर्ण पैसे मोजले, रजिस्ट्री झाली, नामांतरण झालं, डायव्हर्शनही झालं. यानंतर त्या जमिनीवर घर बांधण्यासाठी आणखी कोणाची परवानगी घ्यायची राहते का?

माझं उत्तर आधीच सांगते. राहते. आणि ती सही-शिक्क्याने मिळत नाही, म्हणूनच ती घ्यायची विसरून जाते.

*क्षमा मागण्याचा अर्थ*

आपण सकाळी उठून जमिनीवर पाय ठेवण्याआधी धरणीमातेची क्षमा मागतो. लहानपणी आजीने शिकवलं म्हणून आपण करतो. भूमिपूजनातही गुरुजी आपल्याकडून तेच करून घेतात. पहिली कुदळ मारायच्या आधी हळद-कुंकू, नारळ, आणि तिथे राहणाऱ्या सगळ्या जीवांना विनंती, की आम्ही आता इथे घर करतोय, तुम्ही रागावू नका, दुसरीकडे जा.

ही विनंती फार जुनी आहे. वराहमिहिर आपल्याच आजच्या मध्य प्रदेशातले, अवंतीचे. सहाव्या शतकात त्यांनी बृहत्संहिता लिहिली. त्यात लाकडासाठी झाड तोडायचं असेल तर आदल्या रात्री त्या झाडाची पूजा करावी, त्याच्यावर राहणाऱ्यांना दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करावी आणि मग सकाळी तोडावं, असं सांगितलं आहे. म्हणजे मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. मला ही रात्र फार महत्त्वाची वाटते. विनंती केली आणि लगेच कुऱ्हाड चालवली, तर ती विनंती कसली? ऐकणाऱ्याला वेळ द्यावा लागतो. आणि आपल्यालाही रात्रभर विचार करायला मिळतो, की हे झाड खरंच तोडायलाच हवं का.

आता आपण काय करतो बघा. जेसीबी आदल्या दिवशीच येऊन जागा साफ करून जातो, कारण पाहुणे येणार, मंडप घालायचा, फोटो चांगले यायला हवेत. झाडं गेली, वारूळ गेलं, धुरा मोडला, आणि दुसऱ्या दिवशी आपण सपाट केलेल्या जमिनीवर बसून सगळ्या जीवांची क्षमा मागतो. तोपर्यंत ऐकायला तिथे कोणी उरलेलंच नसतं.

क्षमा आधी मागायची असते ती एवढ्याचसाठी, की जेवढं नुकसान टाळता येईल तेवढं आपण टाळावं. जे टाळता आलं नाही, त्याचीच क्षमा उरते.

*भूमिस्वामी म्हणजे कोण*

आपल्या राज्यात ज्याच्या नावावर जमीन असते त्याला कागदावर "भूमिस्वामी" म्हणतात. खसऱ्याची नक्कल काढली की आपल्या नावापुढे तो शब्द छापलेला येतो. पहिल्यांदा वाचला की छाती जरा फुगते, खोटं कशाला बोला. पण हा शब्द ज्या कायद्यातून येतो, त्या १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेतच ५७ व्या कलमात म्हटलं आहे की सगळी जमीन राज्य शासनाची आहे. भूमिस्वामीला ती धारण करण्याचे, कसण्याचे, विकण्याचे हक्क आहेत. म्हणजे कायदासुद्धा आपल्याला शेवटचा मालक म्हणत नाही. मग जे लोक रोज "सगळं गुरूंचं आहे, आम्ही सांभाळणारे" असं म्हणतात, त्यांनी तर हा शब्द आणखी जपून वाचायला हवा.

रजिस्ट्रीने आपल्याला जमीन मिळते ती विकणाऱ्याकडून. त्याचा जेवढा हक्क होता तेवढा आपल्याकडे येतो. पण त्या जमिनीवर इतरांचंही काही ना काही चालत असतं. कोणाचं पाणी तिथून जातं, कोणाची बैलगाडी जाते, कोणी झाडाखालची फुलं वेचतं. या लोकांनी आपल्याला काहीच विकलेलं नसतं. त्यांना कोणी विचारलेलंही नसतं. मी ज्या परवानगीबद्दल बोलते आहे, ती यांची.

*आधी पाणी*

आपल्या भागात बांधीला बांधी लागून असते. वरच्या बांधीत पाणी भरलं की धुऱ्याला ठेवलेल्या तोंडातून ते खालच्या बांधीत उतरतं, तिथून आणखी खाली. नक्शावर ही वाट दिसत नाही, ती फक्त पावसाळ्यात दिसते. आपण उन्हाळ्यात जागा बघतो, कोरडी ठणठणीत जमीन, छान वाटते. मग चार-पाचशे ट्रॉली मुरूम टाकून दोन-तीन फूट उंच करतो, कारण आपल्या घरात पाणी शिरायला नको. आपलं घर वाचतं, पण वरच्याच्या बांधीत पाणी तुंबतं आणि त्याचं धान सडतं, खालच्याची बांधी वेळेला कोरडी राहते. त्याला कळतही नाही की कोणाशी भांडावं, कारण आपण आपल्याच जागेत मुरूम टाकलेला असतो.

म्हणून माझं सांगणं असं, की जागा घेण्याआधी नाही जमलं तर निदान खोदण्याआधी एक पावसाळा तिथे जाऊन या. छत्री घेऊन, घरातल्या सगळ्यांनी. पाणी कुठून येतं, कुठे जातं ते डोळ्यांनी बघा. मग भरणा टाकायचा तर कडेने नाली काढून पाण्याला त्याची जुनी वाट मोकळी ठेवा. नालीला फार खर्च येत नाही. वाटेचंही तसंच. शेतावर जायची वहिवाटीची वाट आणि पाण्याचा जुना मार्ग यांवरून तंटा झाला तर तो कसा सोडवायचा, हे त्याच संहितेच्या १३१ व्या कलमात आहे. तहसीलदार जुनी रीत आणि सगळ्यांची सोय बघून निर्णय देतात. पण आपण साधकांनी तहसीलदारापर्यंत जाण्याची वेळ यावीच का? कंपाउंडची पहिली दोरी बांधायच्या आधी शेजारच्या दोन शेतकऱ्यांना आणि गावच्या कोटवाराला बोलवायचं, चहा द्यायचा आणि विचारायचं, "काका, इथून कोणाचं येणं-जाणं आहे का?"

*मोहाचं झाड*

आता मुख्य गोष्ट. आपल्याच केंद्रातल्या एका कुटुंबाने बिरसाकडच्या एका गावाच्या कडेला वीस डिसमिल जागा घेतली. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. जागेत एक मोठं मोहाचं झाड होतं. नकाशा काढला तर बैठकीची खोली नेमकी झाडावरच येत होती. कायद्याने खात्यातली झाडं भूमिस्वामीचीच असतात. लागणारी मंजुरी काढा आणि तोडा, असं सगळ्यांनी सुचवलं.

मोहाबद्दल इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी लिहिते. चैताच्या आसपास मोहाची फुलं रात्रीतून गळतात. पहाटे अंधारात गोंड, बैगा बाया-माणसं, लेकरं टोपल्या घेऊन वेचायला निघतात. फुलं वाळवून ठेवतात, काही खातात, काही बाजारात विकतात. नंतर बियांचं तेल निघतं. शेतात दुसरं काही पिकत नाही अशा दिवसांत हातात रोख पैसा येतो तो यातून. कोणतं झाड कोणत्या घराने वेचायचं हे गावात ठरलेलं असतं, पिढ्यान्पिढ्या. ते कुठेही लिहिलेलं नसतं. आणि आज रोप लावलं तर चांगलं फुलायला दहा-पंधरा वर्षं लागतात. "आम्ही बदल्यात पाच झाडं लावू" म्हणणं सोपं आहे, पण या वर्षीच्या चैतात त्या घरी काय येणार?

त्या झाडाखाली शेजारच्या टोल्यावरची एक म्हातारी बाई वेचायची. तिच्याआधी तिची सासू वेचायची. जमीन विकली गेली हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. आपल्या ताईंनी घरात विषय काढला. दादा म्हणाले, आपण पैसे दिले, झाड आपलं, आणि मागच्या मालकाने त्या बाईबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. त्यांचंही बरोबर होतं. फंडाचे पैसे मोजके, घरासाठी आयुष्यभर वाट पाहिलेली. शेवटी ताईच टोल्यावर गेल्या. त्यांना वाटलं होतं, ती रडेल किंवा भांडेल. ती तसं काहीच बोलली नाही. झाड ठेवायचं की तोडायचं ते तुम्ही बघा, पण तोडायचंच असेल तर चैत झाल्यावर तोडा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

ताई सांगतात, ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला कागद दाखवता येतो. हिने तर काहीच मागितलं नाही, फक्त एक महिना मागितला. बृहत्संहितेतली ती एक रात्र आणि हा एक महिना मला एकच वाटतात. ज्याचं जाणार आहे त्याला निदान वेळ तरी मिळावा.

पुढे घरात पंधरा दिवस चर्चा झाली. नकाशा बदलला. बैठक लहान झाली, घर मागे सरकलं आणि कंपाउंडची भिंत झाडाच्या आतून घेतली. म्हणजे झाड भिंतीच्या बाहेर राहिलं. जागेचा थोडा तुकडा बाहेर गेला, नकाशाचे पैसे पुन्हा द्यावे लागले. दादा अजूनही म्हणतात की मुळं भिंतीला त्रास देतील, आणि देतीलही कदाचित. हा निर्णय फुकटचा नव्हता. मला वाटतं, म्हणूनच त्याला त्याग म्हणता येतो. जे देऊन आपलं काहीच जात नाही, त्याला आपण उगाच दान म्हणतो.

*"असा विचार केला तर घरच होणार नाही"*

हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक प्लॉटवर कोणीतरी येत-जात असतं. एखाद्याने खरंच अतिक्रमण केलं तर? ज्याची जागाच पाच डिसमिल आहे त्याने झाड कुठे ठेवायचं?

माझं म्हणणं असं नाही की विचारलेल्या प्रत्येकाचं ऐकलंच पाहिजे. कधी झाड तोडावं लागेल, कधी वाट वळवावी लागेल. पण न विचारता घेणं आणि विचारून, ऐकून, भरपाई देऊन घेणं यांत फरक आहे. विचारलं की समोरचा माणूस आपल्याला दिसतो. मग जे करू ते त्याच्या तोंडाकडे बघून करावं लागतं. झाड जाणारच असेल तर हंगाम होऊ द्या, फुलांच्या दोन-चार वर्षांच्या किमतीचा हिशेब करून पैसे द्या, लाकूड आधी त्या घराला विचारा. ज्याची जागा लहान आहे त्याने कमी द्यावं, पण विचारायला तर पैसे लागत नाहीत ना?

या बाबतीत सेवाग्रामचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. पुढे १९४० मध्ये त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. गावचे मालगुजार होते जमनालाल बजाज, गांधीजींना मुलासारखे. म्हणजे जमिनीच्या मालकाची परवानगी होतीच, उलट आग्रह होता. तरी गांधीजींनी गावकऱ्यांना एकत्र बसवून आपण कोण, का आलो, अस्पृश्यतेबद्दल आपलं मत काय, हे सगळं उघड सांगितलं. आपल्या येण्याने ज्यांना भीती किंवा अविश्वास वाटत असेल, त्यांच्यावर ओझं होऊन राहायचं नाही, ही त्यांची भूमिका होती. घराचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशीही अट घातली. जमिनीचा मालक हो म्हणाला तरी गावाला विचारायचं राहतं, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं.

*एक गोष्ट जी करूच नये*

याविषयी ग्रुपवर कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेण्यावर आपल्या राज्यात संहितेच्या १६५ व्या कलमाने बंधनं आहेत. कर्ज, आजारपण, लग्न यांच्या अडचणीत त्यांची जमीन हातची जाऊ नये, म्हणून हा कायदा आहे. मग काही लोक वाट काढतात. घरी काम करणाऱ्या एखाद्या आदिवासी माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, पैसे आपले, कागद त्याचा, ताबा आपला. "सगळेच करतात" असं म्हणतात.

असा व्यवहार बेनामी आहे, कायद्याने गुन्हा आहे, पण ते बाजूला ठेवू. ज्या जमिनीच्या कागदावर आपलं नाव लिहायची आपल्याला सोय नाही, तिच्यावर भूमिपूजन करताना संकल्पात आपलं नाव-गोत्र कोणत्या तोंडाने सांगायचं? इथे विचारून, भरपाई देऊन वगैरे काही चालत नाही. अशी जमीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आपल्या साधक कुटुंबांत कोणी असा सल्ला देत असेल तर प्रेमाने, पण स्पष्ट नाही म्हणा.

*वरची माती आणि खाली गेलेला डोंगर*

शेवटी मातीबद्दल थोडं. शेतजमिनीचा वरचा सहा-आठ इंचाचा थर तोच काय तो पिकाऊ असतो. त्यात गांडुळं, मुळं, शेणखत, कितीतरी पिढ्यांचे कष्ट असतात. असा एक इंच थर व्हायला शेकडो वर्षं लागतात. पायासाठी ही माती तशीही काढावीच लागते, कारण ती दबते आणि घर बसतं. मग ती मुरमाखाली गाडण्यापेक्षा बाजूला ढीग करून झाकून ठेवा. घर झाल्यावर परसबागेत पसरा, तुळशीवृंदावनात घाला, उरली तर शेजाऱ्याच्या बांधीत टाकू द्या.

वराहमिहिरांनी जमीन पारखायची एक साधी रीत सांगितली आहे. हातभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जमीन चांगली, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर घेऊ नये. घरातल्या मुलांकडून हे जरूर करून घ्या. माती हातात घेतली की ती नुसता प्लॉट वाटत नाही.

आणि आपण मलाजखंडची माणसं एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त जाणतो. आपल्या खाणीच्या खनिजात तांबं साधारण एक टक्का असतं. म्हणजे एक किलो तांब्यासाठी शंभर किलोच्या आसपास खनिज फोडावं लागतं, शिवाय त्याच्यावरचा दगड उपसावा लागतो तो वेगळाच. देशात कुठेही घर बांधलं, दिव्याचं बटण दाबलं, तर तारेतलं तांबं कुठल्या तरी अशाच खड्ड्यातून आलेलं असतं. त्याच खड्ड्यावर आपली चूल पेटली, मुलं शिकली. म्हणून "आमच्या घराने कोणाचं काही घेतलं नाही" असं कोणीच म्हणू शकत नाही. घेतल्याशिवाय घर होत नाही. पण किती घेतलं, कोणाकडून घेतलं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. ज्याला हे माहीत आहे, तो गरजेपेक्षा एक खोली जास्त बांधताना थांबतो.

*या महिन्याचा संकल्प*

ज्यांच्या घरी बांधकाम निघणार आहे त्यांनी, आणि ज्यांच्या नातेवाइकांकडे निघणार आहे त्यांनीही, एवढं करून बघावं.

१. जागेवर एक तरी पावसाळी दिवस घालवावा आणि पाण्याची वाट नकाशावर स्वतःच्या हाताने काढावी.
२. शेजारचे शेतकरी, कोटवार आणि गावातलं एखादं म्हातारं माणूस यांना विचारावं, की इथून कोण जातं, काय वेचतं. एखादा शेंदूर लावलेला किंवा उभा केलेला दगड दिसला तर तो कोणाचा, हे कळेपर्यंत हलवू नये.
३. जेसीबी भूमिपूजनानंतरच बोलवावा. आधी पूजेपुरती जागा हाताने झाडून घ्यावी.
४. झाड तोडावंच लागलं तर ज्याचं पोट त्यावर आहे त्याला हंगाम आणि भरपाई द्यावी.
५. वरची माती जपावी.

घरच्या ग्रुपवर एका प्रश्नावर सगळ्यांनी, मुलांनी आणि सुनांनीही, आपलं मत लिहावं. आपण आज ज्या घरात राहतो, ते बांधताना कोणाला विचारायचं राहून गेलं होतं? आजी-आजोबांना माहीत असेल, त्यांना बोलतं करा. जे अजून त्या आवारात येतात-जातात, त्यांच्यासाठी आज काही करता येतं का, तेही बघा.

भूमिपूजनाच्या दिवशी गुरुजी क्षमेचा मंत्र म्हणतील, आपण हात जोडू. त्या वेळी शेजारचा शेतकरी आणि टोल्यावरची ती म्हातारी बाई मंडपात प्रसादाला बसलेली असावी, एवढंच गुरुचरणी मागणं.

जय गुरुदेव!

एक सेविका, मलाजखंड केंद्र